मधल्या खोलीत छतातून उजेड: ४ बाय ६ चं स्कायलाइट खरंच लागतं का?

अबोली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

घर एकमजली, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. पुढच्या खोलीला खिडक्या आहेत, मागच्या खोलीलाही आहेत, आणि मधली १२ बाय १४ ची खोली दोघींच्या मध्ये चेपलेली. सकाळी अकरालासुद्धा तिथे दिवा लावल्याशिवाय चालत नाही. आई दिवसभर तिथेच शिवण घेऊन बसते. सुईत दोरा ओवायचा झाला की उठून पुढच्या दारापर्यंत जाते, ओवते, परत येऊन बसते. परवा मी मोजलं, एका दुपारीत सात वेळा गेली.

वर सपाट स्लॅब आहे, जमिनीपासून ११ फुटांवर. त्याखाली ९ फुटांवर फॉल्स सीलिंग, मधे दोन फूट पोकळी. कंत्राटदार म्हणतो, "मधोमध ४ बाय ६ कापू, साधी काच टाकू, खोली लख्ख होईल." मला धास्ती वाटते ती गळण्याची, तापण्याची, आणि एवढा स्लॅब कापल्यावर उरलेल्याचं काय होणार याची. ज्यांच्या डोक्यावर असं काही खरंच बसवलेलं आहे त्यांनी सांगा. कॅटलॉगातली माहिती वाचून झाली आहे.

नवखा

एवढं कापायचंच कशाला? सोलर ट्यूब बघा. गच्चीवर छोटा पारदर्शक घुमट, खाली आतून आरशासारखी चकचकीत नळी आणि सीलिंगला गोल पांढरं झाकण. १४ इंची नळीला १४ इंचांचंच भोक. आमच्या जिन्यात आहे. पाहुणे जाताना दिवा बंद करायला बटण शोधतात.

सळई

अबोलीताई, मी फक्त कापण्याबद्दल बोलतो, बाकीचं बाकीचे सांगतील.

१२ बाय १४ म्हणजे जवळजवळ चौरस खोली. स्लॅब चारही बाजूंना टेकलेला असेल तर तो दोन्ही दिशांनी भार वाहतो, आणि खालच्या सळयांवर सर्वांत जास्त ताण मध्यावर असतो. कंत्राटदार नेमका तिथेच कापायचं म्हणतोय. भोकात जितक्या सळया तुटतील त्यांचं काम कडेच्या सळयांनी किंवा खालून दिलेल्या लोखंडी बीमने करायला हवं. हे गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. कंत्राटदाराचा अनुभव कितीही दांडगा असला तरी.

ब्रेकरने फोडू देऊ नका. हिऱ्याच्या पात्याच्या कटरने कापायला सांगा, आणि त्याआधी चारही कोपऱ्यांत गोल भोकं पाडून घ्या, म्हणजे पातं कोपऱ्यापलीकडे धावत नाही. चौकोनी भोकाला तडा जायचा तो कोपऱ्यातूनच जातो. स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड असेल (छोट्या घराला सहसा नसतो) तर कापण्याचा विषयच सोडून द्या, आत ताणून बसवलेल्या तारा असतात.

जुना खांब

माझा धंदा पुस्तकबांधणीचा. मागच्या खोलीत टेबल आणि वर स्कायलाइट. पहिलं मी माझ्या अक्कलहुशारीने बसवलं, ते चार वर्षं भोगलं. दुसरं चार लोकांना विचारून बसवलं, त्याला अकरा वर्षं झाली. त्या जोरावर लिहितो.

पहिलं ४ बाय ४ होतं, बरोबर टेबलाच्या डोक्यावर, पोकळ नळ्यांचं पारदर्शक पॉलिकार्बोनेट, म्हणजे मजबूत प्लॅस्टिकची शीट. बसवलं त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवलं. आठवड्याभरात कळलं की अकरा ते तीन तिथे बसताच येत नाही. पांढऱ्या कागदावर थेट ऊन पडलं की डोळे दिपतात, आणि दिपलेल्या डोळ्यांना टेबलापलीकडची खोली आधीहून काळोखी दिसते. उजेड वाढला होता आणि दिसायचं कमी झालं होतं. खळ ब्रशवरच वाळायची. पुठ्ठ्याला एका बाजूने कापड डकवून ठेवलं की तासाभरात होडीसारखा वाकायचा.

भिंतीच्या फळीवर निळ्या कापडात बांधलेल्या वह्यांची चळत होती. कवडसा रोज दुपारी तिच्यावरून सरकत जायचा. काही महिन्यांनी वरची वही उचलली तर खालच्या, थोड्या मोठ्या वहीवर तिचा आकार छापल्यासारखा उमटलेला: झाकलेला भाग गर्द निळा, बाहेर राहिलेली कड राखाडी. पॉलिकार्बोनेट यूव्ही (अतिनील किरणं) जवळपास सगळं अडवतं, तरी हे झालं. रंग नुसत्या यूव्हीने उडत नाहीत, दिसणारा उजेडही त्यांना खातो. संग्रहालयांत जुन्या कागदासाठी ५० लक्स (एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप) ही मर्यादा धरतात. भर उन्हात बाहेर एक लाख लक्स असतो. आईंच्या कापडांची रास कुठे असते ते आधी बघून ठेवा.

मग मी खालून मांजरपाटाचा तुकडा ताणून बांधला. उजेड एकदम मऊ झाला, गरमी जशीच्या तशी. ऊन शीट ओलांडून आत आलं की आलं. आता जमिनीऐवजी मांजरपाट तापत होता एवढाच फरक. पुढे तोच तुकडा गच्चीवर शीटच्या वर हातभर उंचीवर ताणला, तेव्हा कुठे खोली निवली. सावली धरायची ती बाहेर.

आता तुमचं ४ बाय ६ बघू. २४ चौरस फूट म्हणजे जवळपास सव्वादोन चौरस मीटर. सूर्य डोक्यावर असताना स्वच्छ आकाशात आडव्या चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. साधी काच त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास आत सोडते. म्हणजे भर दुपारी त्या खोलीत पावणेदोन हजार वॅटचा हीटर लावल्यासारखं. भिंतीतल्या खिडकीला छज्जा तरी असतो, आणि सूर्य वर चढला की ऊन तिच्यावरून निसटतं. आडव्या काचेचं उलटं आहे. ज्या ऋतूत ऊन नको त्याच ऋतूत तिच्यावर सर्वांत जास्त.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा एक ठोकताळा आहे: खोलीला खिडक्या भरपूर असतील तर स्कायलाइट जमिनीच्या ५ टक्क्यांहून मोठं नको, खिडक्या कमी असतील तर १५ टक्क्यांच्या वर नको. तुमच्या १६८ चौरस फुटांत कंत्राटदाराचं भोक १४ टक्के होतं. ठोकताळ्यात बसतं, पण ती वरची हद्द आहे, तिथपर्यंत जाऊन भिडायलाच पाहिजे असं नाही. मी २ बाय ४ करीन. पावणेपाच टक्के.

काच घेताना दोन आकडे मागा: दिसणारा उजेड किती आत येतो आणि उष्णता किती (हिला एसएचजीसी म्हणतात). चांगल्या लो-ई (उष्णता अडवणारा पातळ लेप असलेल्या) दुहेरी काचेत ०.६ उजेड आणि ०.३ उष्णता अशी जोडी मिळू शकते. २ बाय ४ ला ही काच घातली तर तोच हीटर पावणेदोन हजारांवरून सव्वादोनशे वॅटवर येतो.

"मग उजेड पुरेल का?" ढगाळ दिवस धरू, बाहेर १०,००० लक्स. २ बाय ४ म्हणजे ०.७४ चौरस मीटर. काचेतून सुमारे ४,४०० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप) खाली येतात. निम्मा उजेड वाटेतल्या भिंतींत मुरला असं समजा, तरी २,२०० उरतात. नऊ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० देतो. म्हणजे ढगाळ दिवशीही दोनाहून जास्त बल्ब, आणि ऊन असेल तेव्हा याच्या कितीतरी पट. पूर्ण ढगाळ आकाश क्षितिजापेक्षा डोक्यावर तिप्पट उजळ असतं, म्हणून छतातलं भोक त्याच मापाच्या खिडकीहून जास्त उजेड देतं.

नवखे, तुमच्या नळीला माझा विरोध नाही. जिन्याला, न्हाणीला झकास. पण १४ इंची तोंडाचं क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर. ढगाळ दिवशी आत शिरतानाच हजार ल्युमेन, आणि पुढे नळीतल्या प्रत्येक उडीला थोडा थोडा गळतो. आतला लेप ९५ टक्के परावर्तन करणारा असेल तर दहा उड्यांनंतर ६० टक्के उरतो, ९९ टक्क्यांचा असेल तर ९०. शिवणकामाच्या खोलीला अशा दोन-तीन लागतील.

आता खरा मुद्दा, आणि हा मला कोणी आधी सांगितला असता तर चार वर्षं वाचली असती. भोक लहान ठेवा आणि त्याखालची विहीर फाकवा. तुमच्याकडे दोन फुटांची पोकळी आयतीच आहे. वर स्लॅबला २ बाय ४ आणि खाली सीलिंगला ४ बाय ६, मधल्या बाजू तिरक्या, नरसाळं उलटं धरल्यासारख्या. त्यांना पांढराशुभ्र मॅट रंग, चमक अजिबात नको. तिरकं ऊन आधी त्या तिरक्या बाजूंवर आदळतं आणि मग पसरून खाली येतं. खाली बसलेल्या माणसाला काच फारशी दिसत नाही, उजळलेल्या भिंती दिसतात. कंत्राटदाराला सांगा, तुझं ४ बाय ६ मान्य, फक्त ते खाली कर.

ही काही माझी कल्पना नव्हे. फिनलंडचा वास्तुविशारद आल्व्हार आल्टो याने व्हीपुरीच्या ग्रंथालयात (१९३५, गाव आता रशियात, व्हीबोर्ग) वाचनालयाच्या सपाट छतात ५७ गोल स्कायलाइट ठेवले, प्रत्येकाखाली खोल शंकूसारखी विहीर. थेट ऊन विहिरीच्या बाजूंवरच अडतं, पुस्तकापर्यंत पोचत नाही, आणि इतक्या ठिकाणांहून उजेड येतो की पानावर हाताची गडद सावली पडत नाही. मी फक्त फोटो पाहिले आहेत. पण माझं टेबल आता त्या घराण्यातलं आहे असं मी समजतो.

शेवटचं, स्वतःची फजिती. पॉलिकार्बोनेटच्या एकाच बाजूला यूव्हीचा थर असतो, ती बाजू आकाशाकडे हवी. संरक्षक कागदावर तसं छापलेलं असतं. मी कागद आधी सोलून टाकला आणि मग शीट उचलली. तिसऱ्या वर्षी ती जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळी पडली. शिवाय रोज संध्याकाळी छतातून टक्, टक् आवाज. मीटरभर शीट प्रत्येक अंशाला ०.०६५ मिलिमीटर वाढते, म्हणजे आठ फुटी शीट ४० अंशांच्या फरकात सहा मिलिमीटरहून जास्त हलते. मी स्क्रूची भोकं स्क्रूच्याच मापाची पाडली होती, बिचारी हलणार कुठे?

भिजका कावळा

खांबकाकांनी गळण्याचा विषय माझ्यासाठी ठेवलेला दिसतो. मी वॉटरप्रूफिंग करतो. अठरा वर्षांत काचेतून गळणारं स्कायलाइट पाहिलं नाही, कडेतून गळणारी मोजायची सोडून दिली.

भोकाभोवती तयार गच्चीच्या वर किमान सहा इंच कठडा उभा करा, आम्ही त्याला कर्ब म्हणतो. मी नऊ घेतो. मोजायचं ते लाद्या बसल्यानंतरच्या पातळीपासून, बरेच जण इथेच फसतात. कागदावर सहा इंच होतं, उताराचा कोबा आणि लादी पडल्यावर उरलं अडीच. गच्चीचा वॉटरप्रूफिंग थर कर्बच्या पायथ्याशी संपवायचा नाही, गोलाई देऊन वरपर्यंत चढवायचा आणि माथ्यावरून आत वळवायचा. काचेची चौकट त्यावर टोपीसारखी बसली पाहिजे, कडा खाली वळलेली, म्हणजे पाणी थेंबाथेंबाने कर्बच्या बाहेर पडतं. नुसत्या सिलिकॉनच्या भरवशावर बसवलेली चौकट मी माझ्या सहीने देत नाही. सिलिकॉन हा दुसरा पहारेकरी, पहिला नाही.

काच अगदी सपाट नको. निदान पाच अंश उतार द्या, नाहीतर पाणी साचतं, धूळ बसते, आणि वर्षभरात काचेच्या मधोमध मातीचा नकाशा तयार होतो.

एक सावधगिरी. थंडीत पहाटे चार थेंब टपकले की लोक फोन करतात, "गळतंय!" पाऊस कुठाय? घरातली दमट हवा थंड काचेला लागून पाणी सुटतं. दुहेरी काचेत हे कमी होतं. चौकटीला आतून छोटी पन्हळ आणि बाहेर जायला छिद्रं असतात, रंगारी ती बुजवून टाकतो. त्याच्यावर लक्ष ठेवा.

आणि खरंच गळलं तर गच्चीवर नळी घेऊन जा, पण वरून धो धो सोडू नका. सर्वांत खालून सुरुवात: आधी कर्बचा पाया, दहा-पंधरा मिनिटं, एक जण खाली उभा. मग कर्बची उभी बाजू, मग चौकटीचा सांधा, सर्वांत शेवटी काच. ज्या पायरीला खाली थेंब दिसला तिथे दोष. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडूनच वाहतं आणि काहीच कळत नाही.

सळई

कावळ्याच्या निमित्ताने एक राहिलं. गच्चीवर जाणं-येणं असेल तर ती काच हे जमिनीतलं उघडं भोक आहे असं समजून कठडा किंवा जाळी लावा. छतावर काम करणारी माणसं स्कायलाइटमधून पडून मरतात, हा जगभर ओळखीचा अपघात आहे. आतली काच लॅमिनेटेडच हवी: फुटली तरी मधल्या पापुद्र्याला चिकटून राहते. नुसती टफन्ड (तापवून कडक केलेली) फुटली की तुकडे खाली येतात, आणि खाली आईंची खुर्ची आहे. तारेच्या जाळीची जुनी काच कोणी मजबूत म्हणून खपवू लागला तर घेऊ नका, ती साध्या काचेहूनही कमकुवत असते.

अबोली

सगळ्यांचे आभार. इंजिनिअरना बोलावलं आहे. कंत्राटदार जरा फुरंगटला, पण "खाली ४ बाय ६" ऐकून त्याचा चेहरा थोडा सैल पडला.

दरम्यान मी एक उद्योग केला. एक इंच म्हणजे एक फूट धरून पुठ्ठ्याची खोली केली: १२ बाय १४ इंच, उंची ९. आत पांढरा कागद, आमची दोन दारं, काडेपेटीची खुर्ची. वर तीन झाकणं, आलटूनपालटून ठेवायला. एकाला मधोमध ४ बाय ६, एकाला २ बाय ४ सरळ, एकाला २ बाय ४ आणि खाली कार्डशीटची फाकवलेली विहीर. बाजूला एक छोटं भोक, मोबाइलच्या कॅमेऱ्यापुरतं. सकाळी नऊ, दुपारी बारा, साडेचार, असं गच्चीवर नेऊन फोटो काढले.

४ बाय ६ चा बाराचा फोटो: जमिनीवर पांढराफटक आयत, त्यात काडेपेटी दिसतसुद्धा नाही, आणि कोपरे काळे. विहीरवाल्याचा फोटो बघून वाटलं कॅमेऱ्याने काही गडबड केली. भोक एक तृतीयांश, आणि कोपऱ्यातली पेन्सिलने काढलेली रेघ दिसतेय. भरीला विहिरीच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर लावून बघितला. ऊन असताना छान, पण ढग आल्यावर खोली आजारी दिसली.

खांबकाका, एक विचारायचं होतं. झाकण सरकवून भोक भिंतीच्या जवळ नेलं तर अख्खी भिंत उजळते आणि खोली मोठी वाटते. मधोमधपेक्षा हे मला जास्त आवडलं. चालेल?

जुना खांब

अहो, हे मी चार वर्षं घालवून शिकलो आणि तुम्ही चार पुठ्ठ्यांत! असल्या नमुन्यात उजेड खोटं बोलत नाही, खोली लहान केली म्हणून तो वेगळा वागत नाही. फक्त आतले रंग खरे ठेवा. खरी जमीन गडद असेल तर पांढऱ्या कागदाने फसाल.

भिंतीजवळ जरूर न्या. माणूस खोली किती उजळ आहे ते जमिनीवरून ठरवत नाही, समोरच्या भिंतीवरून ठरवतो. सळईंचंही काम सोपं होईल, मध्यावरचा जास्त ताणाचा भाग वाचतो. तरी त्या भिंतीपासून किती अंतर सोडायचं ते इंजिनिअरनाच विचारा. त्या भिंतीवर प्लास्टरचे उंचवटे असतील तर आधी घासून घ्या, वरून घसरत येणारा उजेड प्रत्येक फुगवटा चव्हाट्यावर आणतो.

ट्रेसिंग पेपर नको. ढगाळ दिवशी तुम्हाला प्रत्येक थेंब उजेड हवा आहे. आणि आईंना वर ढग सरकताना दिसू देत.

खुर्ची मात्र विहिरीच्या बरोबर खाली नको, दोन-तीन फूट बाजूला. आईंना विचारा, सुई कुठल्या हातात धरतात. उजव्या हातात धरत असतील तर उजेड डावीकडून आला पाहिजे, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली टाक्यावर पडते.

अबोली

डावखुरी आहे.

आणि भोक आम्ही ज्या भिंतीशी ठरवलं ती तिच्या डावीकडे येतेय. आता?

जुना खांब

खुर्ची फिरवा, पाठीची दिशा समोर करून. स्लॅब परत मोजायला नको.